फोरमनसाहेबांचा कॉम्प्युटर

भूमच्या माळावर सहकारी सूतगिरणी उभी राहिली तेव्हा तिथल्या मोटारी, पॅनेल आणि तारांचा सगळा कारभार एका माणसाच्या हाती आला. बलभीम शेंडगे त्याचं नाव. गिरणीचा इलेक्ट्रिक फोरमन. बाप मेंढरं राखायचा, पोरगा उस्मानाबादच्या आयटीआयतून वायरमन होऊन निघाला, आणि मग गावात कुणाचा पंखा अडला, पिठाच्या चक्कीची मोटार जळाली, मास्तरांचा रेडिओ खरखरला, की लोक म्हणायचे, "बलभीमरावांना बोलवा." बलभीम यायचा, यंत्राला कान लावायचा, पेचकस फिरवायचा. बहुतेक वेळा यंत्र चालू व्हायचं. जे व्हायचं नाही त्याबद्दल तो म्हणायचा, "आतला माल संपला," आणि लोक मान डोलवायचे. आपल्याला यातलं कळत नाही, हे वाक्य त्याला आयुष्यात कुणासमोर म्हणावं लागलं नव्हतं.

सत्त्याऐंशी साली दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गिरणीला पाणी टँकरनं येऊ लागलं, विजेची कपात झाली आणि एक पाळी बंद पडली. अर्धे कामगार आळीपाळीनं रिकामे बसायचे. रिकामा माणूस पत्त्याच्या डावात बसतो आणि डावातून भांडणात उठतो. म्हणून कामगार कल्याण निधीतून गिरणीच्या करमणूक केंद्रात रंगीत टीव्ही आणला. पण त्यात चित्र काही येईना. बांबूला बांबू बांधून अँटिना चढवली, तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या.

कामगार कल्याण कमिटीचा अध्यक्ष होता धुळाप्पा, रिंग फ्रेम खात्यातला जुना जॉबर, म्हणजे मुकादम. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की पुण्यात टीव्हीला जोडायचा खेळ मिळतो.

"त्याला अँटिना लागत न्हाय म्हणं," धुळाप्पा म्हणाला. "खोकं जोडलं की चित्र त्या खोक्यातनंच येतंय. बलभीमराव, तुमी जा आन् बघून या. बरोबर मालनबाईला न्या. बायकांच्या वतीनं बी कुणीतरी पायजे."

मालनबाई ओव्हाळ वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायचं काम करायची आणि कमिटीवर बायकांची प्रतिनिधी होती. सातवी शिकलेली, बोलायला फटकळ, हसायला मोकळी. गिरणीत बायकांसाठी वेगळे संडास तिनंच भांडून बांधून घेतले होते. तिची बहीण पुण्याला दापोडीत राहायची, त्यामुळं मुक्कामाची अडचण नव्हती. दोघं सकाळच्या एसटीनं निघाले. बलभीम पुढच्या बाकावर, मालनबाई मागं बायकांत.

बुधवार पेठेतलं ते दुकान अरुंद होतं आणि वरपर्यंत खोक्यांनी भरलेलं. मालक चष्मेवाला, शांत बोलणारा. त्यानं काउंटरवर दोन यंत्रं मांडली.

"हा टीव्ही गेम," तो म्हणाला. "ही खेळाची डबी खाचेत घातली की लगेच सुरू. आणि हा होम कॉम्प्युटर. याला टेपरेकॉर्डर जोडायचा, खेळ टेपवरून आत जातो. चित्र याचं फार सरस. मेमरी अठ्ठेचाळीस के. त्या गेमची याच्यापुढं काहीच नाही म्हणा ना."

बलभीमला किलोवॅट ठाऊक होता, किलोव्होल्ट ठाऊक होता. नुसता के त्यानं पहिल्यांदाच ऐकला. त्यानं मान हलवली, जसा काही हा के त्याच्याच खात्यात कामाला होता.

"अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. "बरोबर."

तोवर मालनबाई लाल रंगाच्या टीव्ही गेमपुढं जाऊन बसली होती. दुकानातल्या नोकरानं तिच्या हातात दांडी दिली आणि पडद्यावर चौकोनी ठोकळ्यांची एक गाडी धावू लागली. चित्र ओबडधोबड होतं. पण गाडी धडकली की मालनबाई मोठ्यानं हसायची आणि पुन्हा सुरू करायची.

"फोरमनसाहेब, या की! ही दुसरी दांडी तुमाला."

बलभीम गेला नाही. परक्या गावात, परक्या माणसांसमोर, पोरांचं खेळणं हातात घ्यायला त्याला संकोच वाटला.

मालनबाईनं खेळता खेळताच दुकानदाराला विचारलं, "दादा, ह्यात दोघं एकदम खेळत्यात. त्या दुसऱ्यात?"

"त्यात बहुतेक खेळ एकेकट्याचे. पाळीपाळीनं खेळायचे."

"आन् मधीच लाइट गेली तर?"

"गेम लगेच पुन्हा चालू होतो. कॉम्प्युटर मात्र सगळं विसरतो. टेप पहिल्यापासून लावायची, पाचेक मिनिटं थांबायचं."

"आमच्याकडं तर घंट्याला दोनदा लाइट जाती. आन् बिघडलं तर भूमला कोण बघंल?"

नोकर गालातल्या गालात हसला. ते हसणं बलभीमला झोंबलं. आपण खेड्यातून आलोय, आपल्याकडं वीज टिकत नाही, आपण साधंसुधं विचारतो, हे सगळं त्या बाईनं काउंटरवर उघडं करून मांडलं असं त्याला वाटलं.

"मालनबाई, जरा गप बसा," तो म्हणाला. "यंत्राचं मला कळतं."

"म्या कुठं न्हाय म्हणते? मला आपलं हे लाल बरं वाटलं. दिसतंय बी छान."

"रंग बघून यंत्र घेत नाहीत," बलभीम म्हणाला. 'न्हाईत' नाही, 'नाहीत' म्हणाला, अगदी पुणेरी. आणि दुकानदाराकडं वळला. "आमचे कामगार नुसते खेळणारे नाहीत. शिकणारे आहेत. तो कॉम्प्युटर बांधा."

दुकानदारानं लाल गेमकडं हात केला. "साहेब, खेळण्यासाठीच हवा असेल तर बाई म्हणतात ते..."

"बांधा तुम्ही."

टीव्ही गेमच्या तिप्पट किंमत मोजून कॉम्प्युटर पिशवीत पडला. खेळांसाठी ठेवलेला निधी तिथंच संपला.

घरी आल्यावर बलभीम हातपाय धुऊन जेवायला बसला आणि बायकोला, शिवगंगाला, सगळं रंगवून सांगू लागला. "ती मालनबाई म्हणत व्हती, ते लाल खोकं घ्या. दोन दांड्या हायेत म्हणं. म्या म्हणलं, गप बसा. दुकानदार बी बघतच राह्यला. त्याला कळलं, गिऱ्हाईक जाणकार हाय."

शिवगंगानं भाकरी वाढत विचारलं, "चालतोय का पण तो हितं?"

"का न चालायला?"

उद्घाटनाला गिरणीचे चेअरमन नानासाहेब आले. करमणूक केंद्रात सतरंज्या अंथरल्या होत्या, पुढं बायका, मागं पुरुष, खिडक्यांत आणखी माणसं. टीव्हीशेजारी टेबलावर तो काळा कॉम्प्युटर, बिस्किटाच्या पुड्याएवढा, वर रबरी बटनं. बलभीमनं इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यानं छोटं भाषण केलं. अठ्ठेचाळीस के म्हणजे अठ्ठेचाळीस हजार, एवढं त्यानं तोवर माहितीपुस्तिकेतून शोधून काढलं होतं. कशाचे हजार, ते कुणी विचारलं नाही.

मग त्यानं टेप लावली. टेपमधून किर्र किर्र चिरकणारा आवाज निघाला आणि पडद्यावर निळे-पिवळे पट्टे धावू लागले. लोक टक लावून बघत राहिले. एकानं विचारलं, "हाच खेळ का?"

"थांबा. आत चाललाय."

पट्टे धावत होते, टेप किंचाळत होती. एक पोर रडायला लागलं तसं आईनं बाहेर नेलं. आवाज थांबला, चित्राची वरची कड दिसली, तेवढ्यात दिवा मंद झाला आणि पुन्हा उजळला. पडदा कोरा. बलभीमनं टेप उलटी गुंडाळून पुन्हा लावली. पुन्हा पट्टे, पुन्हा किंचाळणं. या खेपेला वीज टिकली, पण शेवटी नुसतीच एक इंग्रजी ओळ उमटली. टेपनं दगा दिला होता. तिसऱ्या खेपेला सबंध लाइटच गेली.

अंधारात लोक हसायला लागले. कुणीतरी कोल्ह्यासारखं ओरडलं, टेपची नक्कल म्हणून, आणि खिडक्यांतले सगळे खिदळले. बलभीमच्या कानांच्या पाळ्या तापल्या. लाइट आली तेव्हा नानासाहेब उभे राहिले होते आणि घड्याळ बघत होते.

"फोरमन," ते म्हणाले, "असलं कुणी निवडलं हे?"

त्या क्षणाचा बलभीमनं पुढं किती तरी वेळा विचार केला. दोन शब्दांचं उत्तर होतं. मी निवडलं. नानासाहेब रागावले असते, फार तर चार दिवस बोलले असते. पण सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते, खिडकीतलं हसू अजून जिरलं नव्हतं, आणि त्याच्या तोंडून निघालं, "मालनबाईंचा आग्रह पडला साहेब. पोरं शिकतील म्हणाल्या. म्या म्हणत व्हतो, साधा गेम घेऊ."

पुढच्या सतरंजीवरून मालनबाई अर्धी उठली. "म्या?"

एवढाच शब्द. पण नानासाहेबांनी हात हलवला. "राहू द्या. बायामाणसांना हौस असते. तुम्ही लक्ष ठेवायला पाहिजे होतं." आणि ते गाडीत जाऊन बसले.

लोक पांगताना मालनबाई टेबलाशी आली. चेहरा उतरलेला होता, पण आवाज खालीच ठेवला होता. "फोरमनसाहेब, हे काय बोललात?"

बलभीम वायर गुंडाळत होता. "तसं म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. उद्या सांगतो साहेबांना."

"सांगाल?"

"सांगतो म्हणलं ना."

त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी चेअरमन लातूरला गेले होते. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांच्याकडं पाहुणे होते. आठवडा उलटला, आणि एवढ्या उशिरा विषय काढायचा म्हणजे मुद्दाम खाजवून खरूज काढणं, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मालनबाईनं खात्यात सांगून पाहिलं. बायका म्हणाल्या, "फोरमनसाहेब कशाला खोटं बोलतील?" मग तिला 'कॉम्प्युटरबाई' हे नाव पडलं. बॉबीन कुठं अडली की कुणीतरी म्हणायचं, "कॉम्प्युटरबाईला बोलवा, के किती हायेत इचारा." नवी कमिटी नेमताना तिचं नाव वगळलं गेलं. कुणी फार चर्चाही केली नाही.

बलभीमला बोचायचं ते हे. दुसऱ्या कुणाचं नाव त्यानं घेतलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, खरं का? धुळाप्पाचं घेतलं असतं तर धुळाप्पानं तिथंच गळा धरला असता. मालनबाईचं घेतलं तर कुणी काही विचारलं नाही. बाई, आणि त्यात भीमनगरातली. खोटं कुणावर टाकलं की चिकटतं, हे ते बोलताना त्याला ठाऊक नव्हतं, असं तो स्वतःलाही सांगू शकत नव्हता.

शिवगंगाच्या कानावर ही गोष्ट पाण्याच्या टँकरवर आली. हंडा घेऊन ती घरी आली, हंडा उतरवला, आणि नवऱ्याकडं बघत म्हणाली, "तुमी तर मला म्हणला व्हता..."

"काय?"

"काय न्हाय." ती आत गेली. तिनं पुन्हा तो विषय काढला नाही. त्या दिवसापासून बलभीम जेवताना गिरणीतलं काही रंगवून सांगेनासा झाला. ती ऐकायची, पण ती ऐकतेय म्हटल्यावर त्याचीच जीभ अडखळायची.

जे तोंडानं जमलं नाही ते हातानं फेडावं असं त्यानं ठरवलं. कॉम्प्युटर चालता केला की लोक विसरतील. त्यानं जुन्या ट्रान्सफॉर्मरची तार उकलून एक स्टॅबिलायझर बनवला. टेपरेकॉर्डरच्या हेडजवळचा बारीक स्क्रू फिरवून फिरवून असा जमवला की टेप दगा देईना. खेळ चालू होऊ लागला, आणि चित्र खरंच सुरेख होतं. बारीक रेषा, हलणारी माणसं, पायऱ्या, किल्ल्या. पण एकजण खेळायचा आणि तीसजण बघायचे. रबरी बटनं कामगारांच्या बोटांना सापडत नव्हती. आणि वीज जायची ती स्टॅबिलायझरला विचारून जात नव्हती. महिन्याभरात लोक पुन्हा पत्त्यांकडं वळले.

चैत्रात सोनारीला काळभैरवाची जत्रा भरली. दुष्काळ असला तरी देवाला नवस बोललेला असतो. बलभीम आणि शिवगंगा एसटीनं गेले, दर्शन घेतलं, आणि पाळण्यांच्या बाजूनं फिरताना एका कनातीपुढं गर्दी दिसली. आत टीव्ही, आणि टीव्हीपुढं तोच लाल खोका. दोन दांड्या, दोन माणसं, आणि भोवती आरडाओरडा. बाहेर जनरेटर फटफटत होता. मध्येच तो बंद पडला. कनातवाल्यानं दोरी ओढली, फटफट सुरू झाली, खोक्याची खटकी दाबली आणि डाव लगेच चालू. कुणी उठलंसुद्धा नाही.

बलभीम तिथून निघणार, एवढ्यात गर्दीतून गिरणीच्या कार्डिंग खात्यातला एक कामगार घामाघूम होऊन बाहेर आला.

"फोरमनसाहेब! हे घ्यायला पायजे व्हतं बघा. घातलं की चालू! त्या मालनबाईनं घोळ केला. तुमी तर हेच म्हणत व्हता ना?"

शिवगंगा शेजारीच उभी होती. हातात प्रसादाची पुडी.

बलभीमनं "हूं" केलं. त्या एका अक्षराइतकी जड गोष्ट त्यानं आजवर उचलली नव्हती. कार्डिंगवाला पुन्हा कनातीत शिरला. शिवगंगा पुढं चालू लागली, आणि एसटीच्या फाट्यापर्यंत ती त्याच्या चार पावलं पुढंच राहिली.

त्या वर्षीही पावसानं दगा दिला. श्रावणात एका दुपारी विजेचा दाब एकाएकी वाढला, गिरणीतले दिवे फटाफट उडाले आणि करमणूक केंद्रात कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा जळाला. जळक्या रबराचा वास दिवसभर राहिला. धुळाप्पा म्हणाला, "आता हे पुण्याला नेऊ. परत घेत्यात का बघू, त्याच्या बदली दुसरं काय देत्यात ते बी बघू. म्या येतो. आन् मालनबाई बी यील. घेताना ती व्हती, देताना बी असू द्या."

बलभीमला नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

दुकान तसंच होतं. दुकानदारानं कॉम्प्युटर उलटासुलटा करून बघितला, मग चष्मा वर सरकवून माणसांकडं बघितलं आणि ओळखीचं हसला. पण तो बलभीमकडं बघून हसला नाही.

"बाई, तुम्ही! तुम्ही तर तेव्हाच विचारलं होतं, लाइट गेली तर काय. हा लाल गेम तुम्ही सोडतच नव्हता." मग तो धुळाप्पाकडं वळला, सहज, जुनी आठवण सांगावी तसा. "मीही या साहेबांना म्हटलं, बाई म्हणतात ते घ्या. पण साहेब म्हणाले, यंत्राचं मला कळतं. मग गिऱ्हाइकापुढं आपण काय बोलणार?"

 धुळाप्पानं बलभीमकडं बघितलं. रागानं नाही. मोठ्या भावाला धाकट्याच्या खिशात दुसऱ्याचं पाकीट सापडावं तसं बघितलं, आणि मग त्यानंच नजर खाली घेतली. मालनबाई शोकेसमधल्या खोक्यांकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. बलभीमला वाटलं, तिनं आत्ता चारचौघांत आपल्याला उभं-आडवं फाडावं. तिनं वळूनही बघितलं नाही.

जुन्या कॉम्प्युटरच्या बदल्यात लाल टीव्ही गेम मिळाला. दुकानदारानं आणखी एक खेळाची डबी वर टाकली.

परतीची एसटी टेंभुर्णीला थांबली. स्टँडवर चहाला उतरले तेव्हा धुळाप्पा म्हणाला, "बलभीमराव, म्या कुणाला काय सांगणार न्हाय. ते माझं काम न्हाय."

मालनबाई जवळच उभी होती. कप खाली ठेवत ती म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं. कुणी ऐकलं न्हाय. आता जो बोलला त्यानंच सांगावं."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर करमणूक केंद्र भरलं. लाल खोका टेबलावर होता. बलभीमनं जोडणी केली, पण खटकी दाबली नाही. तो लोकांकडं तोंड करून उभा राहिला. 

"चालू करायच्या आधी एक सांगायचंय," तो म्हणाला. "तो आधीचा कॉम्प्युटर मालनबाईंनी निवडला नव्हता. त्या नको म्हणत व्हत्या. म्या घेतला. आन् साहेबांसमोर म्या त्यांचं नाव..."

"हां हां, झालं ते," मागून कुणी म्हणालं. "चालू करा की!"

"ऐका. म्या खोटं..."

"फोरमनसाहेब, वीज जायच्या आत चालू करा!"

कुणीतरी पुढं होऊन खटकी दाबली. ठोकळ्यांची गाडी पडद्यावर आली आणि खोलीभर एकच गिल्ला झाला. दोघांनी दांड्या धरल्या, बाकीचे खांद्यावरून वाकले. बलभीम भिंतीला टेकून उभा राहिला. महिनोन्महिने त्या बाईनं जे वागवलं, ते त्यानं दोन वाक्यांत उतरवून ठेवलं होतं आणि कुणी वाकून बघितलंही नव्हतं. त्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. एवढं स्वस्त सुटल्याची त्याला लाज वाटली, पहिल्या लाजेपेक्षा जास्त. आणि मालनबाई तिथं नव्हतीच.

तो तडक भीमनगरात गेला. इतकी वर्षं एका गिरणीत काम करून तिच्या घरी तो पहिल्यांदाच जात होता; घर कुठलं ते विचारावं लागलं. दारात तिची सासू, गजराबाई, सुपात रेशनची ज्वारी निवडत बसली होती. आत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. मालनबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"म्या सांगितलं," बलभीम म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"ऐकलं का कुणी?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मग हितं सांगा," मालनबाई म्हणाली. "आत्याला सांगा. तुमच्या एका शब्दापायी ही म्हातारी मला उठता-बसता टोचती. आपल्या वस्तीला कमिटीत मान मिळाला आन् तू असा घालवलास, म्हणती. तिला कमी ऐकू येतंय. मोठ्यानं सांगा."

बलभीम खाली वाकला. "आजी, तो कॉम्प्युटर मालनबाईनं न्हाय घेतला."

"आं?"

"म्या घेतला! त्यांचं नाव खोटं घेतलं!"

"काय घेतलं?"

शेजारच्या घरातून एक बाई बाहेर आली. पलीकडं बाजेवर बसलेला माणूस उठून बसला. बलभीमनं होता नव्हता तेवढा आवाज लावला.

"म्या खोटं बोललो, आजी! चूक माझी व्हती! मालनबाई बरोबर सांगत व्हत्या, आन् म्या चेअरमनसाहेबांसमोर त्यांच्यावर ढकललं! म्या खोटं बोललो!"

गल्ली थांबली. रिकामे हंडे घेतलेल्या बायका, सायकल धरलेला एक मास्तर, ओट्यांवरची माणसं, सगळी त्याच्याकडं बघत होती. या खेपेला प्रत्येक शब्द प्रत्येकाला ऐकू गेला होता. बलभीमचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला हात वर नेणंही त्याला जमलं नाही.

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं. सुनेकडं बघितलं. "व्हय गं? तू न्हाय म्हणाली व्हतीस?"

"व्हय आत्या. तवाच सांगत व्हते तुमाला."

म्हातारीचे ओठ हलले. ती बराच वेळ सुनेकडंच बघत राहिली, बलभीमकडं नाही. मग म्हणाली, "मला बी तुझं खरं वाटलं न्हाय बघ. फोरमन कशाला खोटं बोलंल, म्हणलं." आणि तिनं सुनेचा हात धरला. मालनबाईनं तो सोडवून घेतला नाही, पण तिचा चेहरा दुसरीकडं होता, आणि तो थरथरत होता. गिरणीत, दुकानात, एसटीत, बलभीमनं तिला कधी असं बघितलं नव्हतं.

"बस बाबा," म्हातारी त्याला म्हणाली. "च्या घे."

त्याला पळून जायचं होतं. तो बसला. मालनबाईनं कप आणून समोर ठेवला. गुळाचा कोरा चहा; त्या साली दूध कुणाच्या घरी होतं? त्यानं तो तसाच गरम गरम पिऊन टाकला आणि जीभ भाजली.

"धुळाप्पांना सांगून तुमचं नाव कमिटीत परत घालतो," उठताना तो म्हणाला.

"ते म्या बघीन," मालनबाई म्हणाली. "माझ्या वतीनं आता काय बी ठरवू नका."

गल्लीतून बाहेर पडेपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मागं कुणीतरी हसलं. त्याला हसलं की आपसात, हे बघायला तो वळला नाही.

घरी शिवगंगा चुलीपुढं होती. ती बातमी त्याच्या आधी पोचली होती की नाही, तिनं सांगितलं नाही. तिनं ताट वाढलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा समोर बसून विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

बलभीमनं सांगितलं. काही रंगवलं नाही, काही गाळलं नाही.

पुढच्या साली कमिटी नेमण्याऐवजी तिची निवडणूक झाली. मालनबाई उभी राहिली आणि स्वतःच्या बळावर निवडून आली. गिरणीत समोर आली की ती बलभीमशी कामापुरतं बोलते, नीट बोलते, पण पूर्वीसारखी मोकळी हसत नाही. तिनं कधी काही काढून दाखवलं नाही. तरी ती वाइंडिंग खात्यातून येताना दिसली, की बलभीम पॅनेलचं झाकण उघडून आत बघत उभा राहतो, ती निघून जाईपर्यंत.